सावकाश उचललेली काठी

रविवारी सकाळी साडेसात वाजता मी चेंडू मारायला काठी उचलली, आणि पुढच्या रविवारी माझ्या मुलीचं लग्न उजाडलं तरी ती काठी अजून वरच जात होती. मध्ये एकदाही थांबली नाही, एकदाही घाईला आली नाही. मला गोल्फ शिकवणाऱ्या पाखरे मास्तरांच्या मते तो माझा आजवरचा सगळ्यात चांगला स्विंग होता.

दोष द्यायचाच तर माझ्या जिभेला द्यावा लागेल. शलाकाची सुपारी फुटली त्या दिवशीची गोष्ट. याद्या झाल्या, पेढे झाले, आणि व्याही, म्हणजे कर्नल रणनवरे, मिशीवर हात फिरवून म्हणाले, "काय धनवडेसाहेब, गोल्फ खेळता की नाही?" आता मी पाटबंधारे खात्यातला निवृत्त शाखा अभियंता. उभा जन्म कालव्याच्या भरावावर गेला. गोल्फचं मैदान पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून. पण समोर दोन्हीकडचं गणगोत मांडी घालून बसलेलं, आणि मुलीच्या बापाला कमीपणा घ्यायला आणखी एक कारण कशाला? मी म्हणालो, "खेळतो की! रोज नाही, पण खेळतो."

आमच्या कुमुदनं पदराआडून मला असा चिमटा काढला की बस्स. कर्नल मात्र खूश. "मग ठरलं तर! व्याहीभेट मैदानावरच करू. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी, एक राउंड."

घरी आल्यावर शलाका म्हणाली, "बाबा, खरं सांगून टाका ना. ते काही हसणार नाहीत." मी तिच्यावरच खेकसलो. खोटं बोलायला अक्कल लागत नाही, निभवायला लागते, हे मला साठीत कळत होतं.

हातात दोन महिने होते. आमच्या गावाबाहेर जुन्या छावणीच्या जागेवर एक क्लब आहे, तिथं पाखरे मास्तर शिकवतात. चाळीस वर्षं त्यांनी साहेबलोकांच्या काठ्या खांद्यावर वाहिल्या, आता त्याच साहेबांना काठी कशी धरायची ते सांगतात. कोरडा माणूस. हसणार नाही, रागावणार नाही. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात सात नंबरची लोखंडी काठी दिली. मी कुऱ्हाड घातल्यासारखी घातली. चेंडू जागच्या जागी राहिला आणि हिरव्या मॅटचा एक तुकडा उडाला.

"घाई करता, साहेब," मास्तर म्हणाले.

"कशाची घाई?"

"मारायची. मारायचं विसरा. सावकाश उचला. पकड सोडायची नाही आणि चेंडू जाईपर्यंत मान उचलायची नाही. एवढंच."

मी ऐकणारा माणूस. तीस वर्षं वरून आलेला कागद निमूटपणे खाली पाठवला, तिथं पाखरे मास्तरांचं न ऐकायला काय झालं? मी सावकाश उचलायला लागलो. पहिल्या आठवड्यात एका स्विंगला दोन सेकंद लागत होते. दुसऱ्या आठवड्यात कँटीनवाल्यानं शेजारी ठेवलेला चहा एका स्विंगमध्ये गार व्हायला लागला. तिसऱ्या आठवड्यात अर्धा तास लागला. आणि गंमत अशी की चेंडू सरळ जायला लागला. जितकं सावकाश, तितका सरळ. पाचव्या आठवड्यात मी एकदा सकाळी उचललेली काठी दुपारी चारला चेंडूवर आली, आणि तो असा काही सुटला की शेजारच्या मॅटवरच्या डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी आयुष्यात कधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मी घरी येऊन कुमुदला तीनदा सांगितलं.

दोन गोष्टी मात्र माझ्या तेव्हाच लक्षात आल्या होत्या. काठी एकदा उचलली की उजव्या हाताची करंगळी डाव्या तर्जनीत अडकायची, ती फटका बसल्याशिवाय सुटायची नाही. आणि मानही तोवर वळायची नाही. मी मास्तरांना विचारलं, हे बरोबर आहे का? ते म्हणाले, "बरोबर आहे. बऱ्याच जणांना हे जमत नाही."

त्या रविवारी माझ्या मेव्हण्याकडे, बाजीरावाकडे, केळवण होतं. कुमुद म्हणाली, "आज जाऊ नका बाई त्या मैदानावर." मी म्हणालो, "एकच मारतो आणि येतो. पानं वाढेपर्यंत हजर." साडेसातला मी काठी उचलली. अकरा वाजले तेव्हा ती जमिनीपासून चार बोटं वर आली होती. कालव्याच्या पाण्याचा वेग डोळ्यांनी मोजायची मला सवय आहे, तसा मी हिशोब मांडला. याच वेगानं वर जायलाच पुढच्या रविवारची दुपार होणार, आणि मागच्या फटक्यांवरून खाली यायला सहा तास धरले, तर फटका बसणार संध्याकाळी सहा वाजता. शलाकाचा मुहूर्त होता पुढच्या रविवारीच, दुपारी बारा सतराचा, आणि कार्यालय होतं गावाच्या दुसऱ्या टोकाला.

मास्तरांनी माझ्या कानाला फोन धरला. मी कुमुदला सांगितलं. ती म्हणाली, "इकडं पुरणपोळ्या गार होतायत."

दुपारी सगळं घरच येऊन थडकलं. "ठेवा ती काठी खाली," कुमुद म्हणाली. मी म्हणालो, ठेवता येत नाही. तिनं माझी बोटं ओढून पाहिली. बाजीरावानं त्यांना खोबरेल चोळलं, मग एरंडेल, मग त्याच्या मोटारसायकलचं ऑईल. आमची आक्का, माझी थोरली बहीण, मीठमोहऱ्या घेऊनच आली होती. तिनं माझी दृष्ट काढली, काठीची काढली, चेंडूचीही काढली. शेवटी चौघांनी मला आहे तसा उचलून टेम्पोत घालायचं ठरवलं. त्यांनी मला उचललं तर माझ्याबरोबर मैदान उचललं गेलं. लांब झेंड्यापाशी कुणीतरी धाडकन पडल्याचा आवाज आला. म्हणून त्यांनी मला परत ठेवून दिलं.

"असं करू नका," मास्तर म्हणाले. "स्विंगची लय बिघडेल."

संध्याकाळी क्लबच्या सेक्रेटरींनी माझ्याशेजारी एक पाटी रोवली. तिच्यावर लिहिलं होतं, 'फटका चालू आहे. बोलू नये.' ती पाटी मला दिसत नव्हती, बाजीरावानं वाचून दाखवली.

मला दिसायचं ते फक्त समोरचं. आणि तेही दिवसेंदिवस कमी होत गेलं. सोमवारी मला सगळी मॅट दिसत होती, माझे बूट, चेंडूंची टोपली. मंगळवारी टोपली गेली. बुधवारी बूट गेले. गुरुवारी चेंडू आणि त्याच्याभोवतीची वीतभर हिरवळ, एवढंच माझं जग राहिलं. त्या वीतभरात जो पाय टाकेल तो माणूस मला भेटायचा. कुमुदची जोडवी यायची, मग बाजूनं भाताचा घास यायचा. आक्काच्या टाचांच्या भेगा यायच्या, मग एक उसासा यायचा. शेजारच्या मॅटवर लोक येऊन खटाखट मारून जात होते. माझ्याकडे बघून कुणी काही म्हणायचं नाही. एकजण दुसऱ्याला एवढंच म्हणाला, "बघ, असं सावकाश."

गुरुवारी दुपारी शलाका एकटी आली. तिच्या निळ्या चपला वीतभरात येऊन थांबल्या.

"बाबा, लग्न पुढं ढकलूया का?"

"अजिबात नाही. पुढं चार महिने तिथी नाही. मी येतो."

"कसे येणार?"

काय सांगणार कपाळ?

"हे बघा," ती म्हणाली, "आहेर नको, बँड नको, ते वरातीचं घोडं तर मला पहिल्यापासूनच नकोय. पण तुम्ही तिथं हवेत. तुम्ही नसलात तर मी बोहल्यावर चढणार नाही. हसू नका, मी खरंच सांगतेय."

मी हसत नव्हतो. मी रडत होतो, आणि मान खाली असल्यामुळं सगळं टपाटपा चेंडूवर पडत होतं. एवढी शहाणी पोर, आणि तिचा बाप एका बढाईपायी इथं खुंट्यासारखा उभा. मला माझी इतकी लाज वाटली की तशी आजवर कधी वाटली नव्हती. शलाकानं ओढणीनं माझं तोंड पुसलं. मग वाकून चेंडूही पुसला.

"ओला झाला तर घसरेल," ती म्हणाली. "आणि तुम्हाला येता येत नाही ना, मग लग्नच इथं आणू आपण."

आणि खरंच आणलं. शुक्रवारी मांडव घालणारे येऊन खड्डे खणायला लागले. सेक्रेटरींनी एकच अट घातली, पाटीच्या पुढं खुर्च्या मांडायच्या नाहीत.

शनिवारी सकाळी ठरल्याप्रमाणे कर्नल आले. आता उघडं पडणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले. ते माझ्याभोवती एक चक्कर मारून आले.

"वा! काय टेंपो आहे, काय लय! व्याही, तुम्ही तर मुरलेले खेळाडू निघालात."

"कर्नलसाहेब," मी म्हणालो, "मला हे येत नाही. मी त्या दिवशी खोटं बोललो. मला यातून सोडवा."

"विनय पुरे झाला," ते म्हणाले. "तुमचा पहिला फटका चालू आहे, तोवर मी अठरा होल करून येतो." त्यांनी व्याहीभेट म्हणून मला पाठीमागून मिठी मारली आणि निघून गेले. दुपारी परत येऊन त्यांनी सांगितलं की ते एकोणीस फटक्यांनी पुढं आहेत, पण काळजीचं कारण नाही.

रविवारी उन्हं वर आली तशी माणसं जमायला लागली. मला साड्यांची सळसळ ऐकू येत होती, पोरांची पळापळ ऐकू येत होती, सनई ऐकू येत होती. मला कुणीतरी फेटा बांधला. कोट उभ्या उभ्या चढवता येईना, म्हणून आक्कानं त्याच्या बाह्या उसवल्या आणि माझ्या हातांवर परत शिवल्या. मंगलाष्टकं सुरू झाली. माझी काठी तेव्हा उजव्या खांद्याच्या वर, अगदी शेंड्याला पोचत आली होती. सावधान म्हटल्यावर अक्षता पडल्या. त्यातल्या सतरा चेंडूभोवती पडल्या, मी मोजल्या, कारण माझ्या मुलीच्या लग्नातलं मला तेवढंच दिसलं.

कन्यादानाला भटजी अडून बसले. बापाचेच हात पाहिजेत. बापाचे हात होते डोक्याच्या वर. मग दोन स्टुलं आणली. एकावर नवरदेव, म्हणजे आमचा निनाद, चढला, दुसऱ्यावर शलाका. दोघांनी माझ्या हातांखाली ओंजळी धरल्या. कुमुद खुर्चीवर उभी राहिली आणि तिनं माझ्या अडकलेल्या बोटांवर कळशीतून पाणी सोडलं. पाणी माझ्या बोटांतून शलाकाच्या हातावर गेलं, तिथून निनादच्या. राहिलेलं माझ्या बाहीतून काखेत उतरलं. मला तिची बोटं लागली. गार होती. मी म्हणालो, "सांभाळा हो माझ्या पोरीला," आणि निनाद स्टुलावरून म्हणाला, "हो बाबा." त्या घटकेला मला वाटलं, झालं. काठी धरून का होईना, मी होतो. माझ्या हातानं झालं.

त्याच वेळी काठी वर थांबली. आठ दिवसांत पहिल्यांदाच. मला अगदी हलकं वाटलं.

"हा वरचा थांबा," मास्तर मागून म्हणाले. "आता काही करू नका. आता ती आपणच येईल."

आणि ती यायला लागली.

पंगती बसल्या तेव्हा मी हिशोब पुन्हा मांडला, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. जन्मभर दरवाजे उघडून पाणी सोडणारा मी, आणि मला हे आधी सुचू नये? वर जाणारी काठी एका वेगानं जाते. खाली येणारी प्रत्येक वितीला वेग घेते. सहा वाजेपर्यंत ती थांबणार नव्हती. चार, फार तर सव्वाचार.

"बाजीराव!" मी हाक मारली. "अरे, ही लवकर येतेय. इथली माणसं मागं घे. माझ्या पुढ्यात कुणाला येऊ देऊ नको."

"दाजी, आधी दुसरी पंगत उठू दे," तो म्हणाला. "जिलबी कमी पडतेय." त्याचे पाय वीतभरातून निघून गेले.

मी कुमुदला सांगितलं. ती म्हणाली, "बरंच झालं की, लवकर मोकळे व्हाल. पाठवणीला गाडीपर्यंत यायला मिळेल." ती इतक्या आनंदानं म्हणाली की मला पुढं बोलवेना. मलाही तेच हवं होतं. काठी उतरावी, बोटं सुटावीत, आणि लेक गाडीत बसायच्या आधी मला मान वर करून एकदा तिच्याकडे बघता यावं. त्याहून जास्त मी देवाकडे काही मागत नव्हतो.

पण आक्कानं पंचांग पाहिलं. रविवारी साडेचारपासून राहुकाळ. त्याच्या आत वधूनं सासरची वेस गाठलेली बरी, आणि सासर अर्ध्या तासावर. चारच्या आत गाडी हलवायची, असं तिनं जाहीर केलं. आमच्या घरात आक्कानं जाहीर केलेलं कुणी मोडत नाही.

"फटका बसल्यावर निघू द्या," मी म्हणालो. "पाच मिनिटांचा प्रश्न आहे, आक्का."

"तुझा फटका आठ दिवस झाले ऐकतेय मी," आक्का म्हणाली.

बँड जवळ आला. माणसं कोंडाळं करून उभी राहिली, त्यांचे श्वास मला मानेवर लागायला लागले. काठी माझ्या खांद्यावरून सुटली. मी दंडात, मनगटात होता नव्हता तेवढा जोर लावला. ती जराही ढळली नाही. उलट मास्तर म्हणाले, "अडवू नका. अडवलं की वाकडी येते."

मग वीतभरात दोन पाय आले. मेंदी घोट्यापर्यंत, नवी जोडवी, हिरव्या शालूचा काठ. ते चेंडूच्या अलीकडे, माझ्या अगदी पुढ्यात थांबले.

"बाबा, येते मी," शलाका म्हणाली, आणि गुडघे टेकून तिनं माझ्या पायांपुढं डोकं टेकवलं.

मला चेंडू दिसेनासा झाला. त्याच्या जागी तिचा भांग होता. मुंडावळ्यांचा दोरा होता, केसांत अडकलेले तांदळाचे दोन दाणे होते. आठ दिवसांत मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो.

"ऊठ," मी ओरडलो. "शलाका, बाजूला हो! ऊठ!"

माझ्या ओरडण्यानं बायकांना हुंदके फुटले. कुमुद तोंडात पदर कोंबून रडायला लागली. कर्नलसुद्धा नाक शिंकरत होते.

"रडू दे त्याला," आक्का म्हणाली. "बापाचं काळीज आहे ते. तू उठू नको गं. डोक्यावर बापाचा हात पडल्याशिवाय उठायचं नसतं."

"अगं ऊठ! कुणीतरी ओढा तिला! काठी येतेय!"

"मान खाली, साहेब," मास्तर मागून म्हणाले. "फार सुंदर येतोय."

"बाबा, हात ठेवा ना," शलाका म्हणाली, आणि तिनं डोकं आणखी जरासं पुढं केलं. माझे दोन्ही हात खाली येतच होते.